अनुमोदक महिपती तळभंडारे

सोलापुरात सम्यक वसाहतीत शिरलात आणि ‘तात्या कुठं राहतात?’ एवढंच विचारलंत, तरी कुणीही तुम्हाला थेट महिपती तळभंडारेंच्या दारात आणून सोडील. दारावर पितळेची पाटी आहे, दर रविवारी चिंचेनं घासलेली: ‘श्री. महिपती येडू तळभंडारे, विश्वस्त, सम्यक जनसेवा मंडळ’. तेहतीस वर्षं तात्यांनी एस.टी.त कंडक्टरकी केली. अक्कलकोट रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ होता, आणि कन्नड म्हातारीशी सुट्ट्या पैशांवरून कन्नडातच भांडायची त्यांची तयारी होती. पण पाटीवर त्याचा मागमूस नाही. त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, यावरून त्यांना कधी सुखानं बसू दिलं नाही. "जिनं तेहतीस वर्सं भाकर घातली त्या यष्टीचं नाव न्हाय, आन् वर्सातनं चार डाव चा पाजणाऱ्या मंडळाचं नाव पितळंत! वा रे वा!" तात्या हसायचे. विश्वस्त म्हणजे काय चीज असते ते घरच्या माणसाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मंडळ मात्र खरोखर नाव घ्यावं असं. वसाहतीतल्याच लोकांनी, गिरणीतल्या, रेल्वेतल्या, झाडूखात्यातल्या माणसांनी पत्र्याच्या शेडात सुरू केलेलं. आता दुमजली इमारत झालीय. खाली बालवाडी, वर अभ्यासिका. पार वळसंग-टेंभुर्णीकडची पोरंपोरी शहरात खोल्या करून राहतात आणि तलाठ्याच्या, पोलिसाच्या परीक्षेसाठी तिथं मान मोडून अभ्यास करतात. कारभार सात विश्वस्तांचा. अध्यक्ष अभिमन्यू सर्वगोड, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ पण कामाला कडक. चिटणीस सुमित, तरुण, कॉम्प्युटरवाला, सगळी कागदपत्रं त्याच्याच हातात. आणि उरलेल्या पाचांत आपले तात्या.

पण तात्यांचं मंडळातलं खरं पद निराळंच होतं. ठराव म्हटला की तो मांडणारा एक सूचक लागतो, आणि ‘माझा याला पाठिंबा आहे’ म्हणणारा एक अनुमोदक लागतो. मग खाली ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं की काम फत्ते. सूचकाला डोकं चालवावं लागतं, अनुमोदकाला नुसती मान. आणि तात्यांची मान आडवी हललेली कुणीच पाहिली नव्हती. त्यामुळं वार्षिक अहवाल उघडा, पानोपानी तेच: अनुमोदक, श्री. महिपती येडू तळभंडारे. ते सगळे अहवाल त्यांनी ट्रंकेत घडी घालून ठेवले होते. पाव्हणे आले की ट्रंक उघडायची. "ह्ये बगा, बालवाडीची फरशी, अनुमोदक कोण? ह्ये पाण्याची टाकी, अनुमोदक कोण?" पाव्हणे बिचारे चहा पीत माना डोलवायचे.

बैठकीला मात्र कोणी फारसं फिरकायचं नाही, खोटं कशाला बोला! दोघं-तिघं जमायचे, पुरेशी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब करायचे, आणि अर्ध्या तासानं त्याच खुर्च्यांवर बसून तीच सभा पुन्हा भरवायचे. नियमात बसतं म्हणे. ठराव लिहून झाले की सुमित इतिवृत्ताचं रजिस्टर पिशवीत टाकून स्कूटीवरून घरोघर सह्या गोळा करत फिरायचा. "तात्या, इथं एक, इथं एक, आणि हे शेवटचं." तात्या करायचे. ऐटबाज सही, शेपूट लांब, खाली दोन ठिपके. वाचायचं काय त्यात? आपलीच माणसं! त्या सातांत हे असं वळणच पडून गेलं होतं, की वाचत बसणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. कुणी वाचायला चष्मा लावला असता तर सुमितचं तोंड एवढंसं झालं असतं.

आणि हे कोण करत होतं बघा! पंचवीस वर्षांपूर्वी याच मंडळाच्या पत्र्याच्या शेडात, ड्युटीवरून उतरून, खाकी कपडेसुद्धा न बदलता बायकांचा साक्षरता वर्ग घेणारा माणूस. पहिल्या दिवशी तात्या फळ्यावर अक्षर काढायचेच नाहीत. आधी बायकांकडून एक वाक्य म्हणून घ्यायचे: वाचल्याबिगर सही न्हाय. "अंगठा लावला तर जग म्हणंल, अडाणी हुती बिचारी. पर सही केली आन् वाचलं न्हाय, तर तुमाला कुणी बिचारीबी म्हणायचं न्हाय," असं ठणकावून सांगायचे. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या, आणि घोकायच्या.

त्या वर्गात वच्छला रणखांबे होती. केम गावची पोर, लग्न होऊन इथं आलेली, चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. सगळ्यांत सावकाश शिकली. ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर चाचपत जायची, एखादं जोडाक्षर आलं की थांबायची, आणि ते फुटलं की सगळ्या वर्गाकडं बघून हसायची. स्वतःच्या नावानंतर तिनं पाटीवर जे पहिलं नाव लिहिलं ते तात्यांचं. पुढं मंडळानं तिला बालवाडीत सेविका म्हणून घेतलं, अभ्यासिकाही तिच्याकडं आली. बावीस वर्षं झाली. उजाडायच्या आत कुलूप काढायची, टेबलं पुसायची, माठ भरायची, कोण पोरगी तीन दिवस आली नाही त्याची चौकशी करायची. इमारतीच्या मागच्या खोलीत राहायची. कुणाला नोकरीची ऑर्डर आली की पहिला पेढा वच्छलामावशीला. कंडक्टरला काय, जगच मास्तर म्हणतं. वच्छला तात्यांना मास्तर म्हणायची ती त्यांनी शिकवलं म्हणून.

तर ही वच्छला मार्चातल्या एका सकाळी तात्यांच्या दारात येऊन उभी राहिली. केसरबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"जयभीम मास्तर. येक इचारू का?"

"बस की. उबी का?"

ती बसली नाही. "पोरं म्हणत्यात, मला काडणार हायत. पुण्याची कुठली कंपनी कॉम्प्युटर देणार हाय, त्याला म्हणं मागची खोली पायजे. आन् माज्या जागी शिकलेला मॅनेजर. खरं हाय का वं?"

तात्या ताडकन उठले. गल्लीतल्या दोन-चार बायका बघतायत हे पाहून आवाज आणखी चढला. "कोण काडतंय तुला? आं? नाव सांग त्याचं! मी विश्वस्त हाय, विश्वस्त! मला इचारल्याबिगर मंडळात काडी हलत न्हाय. येत्या ऐतवारी बैठक हाय, तितं बोलतो की मी. तू निवांत जा. माजा शब्द हाय ह्यो."

वच्छलाचे डोळे भरले. तिनं वाकून नमस्कार केला, तात्यांना नको म्हणायला उशीरच झाला. घरी जाऊन तिनं भीतीपोटी आधीच बांधून ठेवलेलं बोचकं सोडलं आणि भांडी पुन्हा फळीवर लावली. हे तात्यांना केसरबाईंकडून कळलं, तेव्हा त्यांची छाती चांगली वीतभर फुगली.

रविवारी तात्या इस्त्रीचा सफारी घालून निघाले. किती वर्षांनी बैठकीला चालले होते ते त्यांनाही आठवत नसावं. अध्यक्ष होते, सुमित होता, आणखी तिघं होते. विषय येईपर्यंत तात्यांना दम निघेना. मधेच उठून सुरू झाले. वच्छला बावीस वर्षं कशी राबलीय, तिच्या हाताखालनं किती पोरं नोकरीला लागली, आणि आज कुणीतरी बंद दाराआड बसून तिला घराबाहेर काढायचं ठरवतो, त्याला काही लाज आहे की नाही! "ज्यानं ह्ये केलं त्यानं हितं उबं ऱ्हावून सांगावं!" तात्यांनी टेबलावर थाप मारली. एवढं चांगलं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

सुमितनं खाली मान घालून रजिस्टरची पानं उलटली आणि एक पान तात्यांसमोर सरकवलं.

ठराव क्रमांक सात. इमारतीच्या मागील खोली संगणक कक्षासाठी रिकामी करून घेणे व सेविका श्रीमती वच्छला रणखांबे यांना सेवामुक्त करणे. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, श्री. महिपती येडू तळभंडारे. शेजारी सही, लांब शेपटाची, खाली दोन ठिपके. आणि सहीवर पाण्याचा एक थेंब पडून शाई पसरलेली.

त्या थेंबानं सगळं आठवलं. तो पाण्याचा दिवस होता. पाच दिवसांनी नळ आला होता, केसरबाई आतून ओरडत होत्या, तात्यांच्या एका हातात पाईप, बॅरल अर्धंच भरलेलं. तेवढ्यात सुमित. "तात्या, चारच सह्या." पाईप काखेत धरून, रजिस्टर बॅरलच्या कडेवर टेकवून, तात्यांनी चार सह्या ठोकल्या होत्या. "काय इशेष?" असं विचारलंही होतं बरं का. सुमित म्हणाला होता, "नेहमीचंच." तात्यांनी पाईप पुन्हा बॅरलमध्ये सोडला होता.

मघाशी टेबलावर मारलेली थाप अजून तळहाताला झोंबत होती, तो हात त्यांनी हळूच टेबलाखाली घेतला.

अध्यक्ष भला माणूस. त्यांनी पाणउतारा केला नाही. उलट पुढं झुकून म्हणाले, "तात्या, वाचूनच सही केली होती ना? नसेल वाचलं तर तसं स्पष्ट सांगा. कंपनीला अजून पत्र गेलेलं नाही. ठराव परत चर्चेला घेऊ, मला काही अडचण नाही."

झालं! दार सताड उघडं होतं. तीन शब्द बोलायचे होते, मी वाचलं नव्हतं, आणि वच्छलाची भांडी फळीवर राहिली असती. पण तात्यांनी समोर बघितलं. पाच माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यातल्या दोघांच्या आया तात्यांच्या वर्गात शिकलेल्या. साक्षरता वर्गाचा मास्तर न वाचता सही करतो? आता म्हणे ज्यानं केलं त्यानं उभं राहून सांगावं, आणि तो हाच? उद्या गल्लीत, परवा पाव्हण्यांत.

"वाचलं हुतं की," तात्या म्हणाले. "वाचल्याबिगर कशी करीन? मी आपलं… तिला थोडी सवड द्यावी म्हणत हुतो."

"महिनाभर देऊ," अध्यक्ष म्हणाले. "आणि पत्र तुम्हीच द्या तात्या. तुमचा शब्द मानते ती. ठरावाची नक्कल जोडून देतो, नियमच आहे तसा."

तात्यांची मान नेहमीसारखी उभी हलली.

पाकीट दोन दिवस सफारीच्या खिशात राहिलं. तात्यांना भाकरी गोड लागेना. केसरबाईंना वाटलं ऊन बाधलं, त्यांनी कांदा फोडून दिला, ताक दिलं. तात्यांनी त्यांना काही सांगितलं नाही. बायकोपुढं एवढं अपराधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ती बिचारी कपाळाला हात लावून ताप बघत होती. दोनदा ते अभ्यासिकेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. तिला काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं, कंपनी, नियम, काळ बदलला, माझा इलाज नव्हता. पितळेच्या पाटीखालून आत शिरताना त्यांना वर बघवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. बालवाडी सुटली होती, वच्छला सतरंज्या झटकत होती. तात्यांना बघून तिचं तोंड फुललं. लगबगीनं खुर्ची आणली, तांब्याभर पाणी आणलं.

"मास्तर, काम झालं न्हवं? मी पोरास्नी सांगितलंबी, आमचं मास्तर गेलं हुतं म्हून."

तात्यांनी पाकीट पुढं केलं. जुळवलेल्यातला एक शब्द तोंडातून निघाला असेल तर शपथ.

वच्छलानं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरलं. तेच बोट, तीच सावकाश चाल. पत्र वाचलं. ‘सेवामुक्त’ला थांबली, तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं. "म्हंजी काडलंच की," एवढंच म्हणाली. मग दुसरा कागद काढला, ठरावाची नक्कल. बोट खाली खाली सरकू लागलं. तात्यांना वाटलं कागद हिसकून घ्यावा. वाटलं आत्ता सांगून टाकावं, तिनं वाचायच्या आत. बोट ‘सूचक’वरून गेलं. पुढच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

तिनं बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणलं. मग कागद तात्यांपुढं धरला.

"मास्तर, हितलं मला लागंना. तुमी वाचा."

तिला लागेना! जे नाव तिनं पाटीवर पन्नास वेळा गिरवलं होतं ते! तात्यांनी तिच्याकडं बघितलं. ती रागानं बघत नव्हती. कुठंतरी आपलंच चुकलं असावं, मास्तर वाचतील तेव्हा दुसरंच नाव निघेल, अशी आशा अजून तिच्या डोळ्यांत होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

"अनुमोदक," तात्यांनी वाचलं. "श्री. महिपती येडू तळभंडारे."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून वर अभ्यासिकेत गेलं. वच्छलानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"वाचून केली हुती का सही?"

"न्हाय गं वच्छला. आईशप्पथ न्हाय. नळाला पाणी आलं हुतं, हातात पाईप हुता, त्या सुमितनं…"

"मग बैटकीत सांगितलं आसंल की तुमी तसं. न वाचता केली म्हून."

साठी उलटलेला, आख्ख्या यष्टीला दरडावणारा माणूस, खुर्चीत आकसून बसला आणि तांब्यावरची नक्षी बघत राहिला. वच्छला थांबली होती. चांगली थांबली होती. उत्तर येत नाही हे कळलं तेव्हा तिनं मान हलवली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पेन मागितलं. पत्राची मंडळाकडं परत जाणारी प्रत मांडीवर घेतली आणि खाली सही करायच्या जागी, गोल गोल अक्षरांत, सावकाश लिहिलं: ‘वाचून सही केली आहे. वच्छला भागवत रणखांबे.’ वेलांटी एकदा तपासून बघितली. कागदाची घडी घालून तात्यांच्या हातात दिली.

"केमला भाची हाय माजी. तिला कळवते," ती म्हणाली. "पानी पिऊन जावा मास्तर. ऊन लई हाय."

तात्या पाणी न पिताच उठले. कसे चालले ते त्यांना कळलं नाही, पण घराकडं न जाता ते पलीकडं मंडळाच्या कार्यालयात शिरले. सुमित एकटाच कॉम्प्युटरवर बसला होता. बाकी सहा खुर्च्या भिंतीला लावलेल्या.

"दिलं का पत्र? बरं झालं तात्या. काही त्रास नाही ना दिला मावशींनी?" सुमितनं प्रत घेतली, सही आहे एवढं बघितलं, आणि न वाचताच फाईलला लावायला पंच उचलला.

"वाच ते," तात्या म्हणाले.

"काय?"

"खाली काय लिवलंय ते वाच. मोठ्यानं."

सुमितनं वाचलं आणि पंच खाली ठेवला.

"मी वाचलं नव्हतं," तात्या म्हणाले. "त्या पाण्याच्या दिवशी तू आला हुतास तवा वाचलं नव्हतं. आन् परवा बैठकीत खोटं बोललो. पाच माणसांपुढं, लाजंखातर. तिचं घर गेलं माज्या लाजंपायी. ह्ये लिवून घे. रजिस्टरात लिव."

"तात्या, आता काय उपयोग? कंपनीला काल मेल गेला."

"उपेगाचं कोण बोलतंय? लिव म्हणतो ना!"

सुमितनं त्यांचा चेहरा बघितला आणि निमूटपणे रजिस्टर काढलं. कोरं पान उघडलं. मग अवघडून म्हणाला, "तात्या, असं नुसतं नाही लिहिता येत. पुढच्या सभेपुढं ठराव म्हणून ठेवावं लागेल. सूचक तुम्ही, ते ठीक. अनुमोदक कोण लिहू?"

तात्या विचार करू लागले. जो अनुमोदन देईल त्यालाही लोक विचारणारच, सात नंबरवर तू तरी वाचून सही केली होतीस का? त्यांनी एकेक खुर्ची बघितली. अध्यक्षांची, मग त्या तिघांची, मग कधीच न येणाऱ्याची. शेवटी सुमितकडं बघितलं. सुमित पेनाचं टोपण काढत होता, घालत होता.

"बोला तात्या," तो हळूच म्हणाला. "कुणाचं नाव घालू?"

तात्यांना एकही नाव सुचलं नाही.